पाऊल व पायाच्या बोटांची तिरकी क्ष-किरण प्रतिमा

पाऊल एका कडेवर ठरावीक अंशांनी कलवून, किंवा क्ष-किरणांची नळी तिरपी करून घेतलेली पावलाची वा बोटांची प्रतिमा. क्ष-किरण विभागात तिला ‘ऑब्लिक’ म्हणतात. पावलाच्या नेहमीच्या तपासणीत वरून घेतलेली (एपी), तिरकी आणि बाजूची (लॅटरल) अशा तीन प्रतिमा असतात.

लांब हाडांसाठी समोरून आणि बाजूने, म्हणजे एकमेकींशी काटकोनात घेतलेल्या दोन प्रतिमा बहुतेक वेळा पुरतात. पावलात हा हिशेब जुळत नाही. एका पावलात 26 हाडे असतात : बोटांची 14, त्यांच्या मागची पाच लांब मेटाटार्सल आणि टाचेपर्यंतची सात टार्सल. शिवाय अंगठ्याच्या बुडाखाली सेसमॉइड नावाची दोन लहान हाडे. बाजूने पाहिले तर पाचही मेटाटार्सल एकमेकांवर चढतात आणि बोटांचा नुसता गुंता दिसतो. वरून पाहिले तर पुढचा भाग स्वच्छ दिसतो, पण पाऊल आडवे कमानदार असल्याने बाहेरच्या बाजूच्या मेटाटार्सलांची बुडे (टाचेकडची टोके) आणि त्यांना लागून असलेली हाडे एकमेकांत शिरलेली दिसतात. हा गुंता तिरकी प्रतिमा सोडवते. म्हणून तिला नुसती पूरक, जादाची प्रतिमा समजणे बरोबर नाही. पावलाच्या मधल्या भागासाठी आणि बोटांसाठी खरी दुसरी बाजू तीच दाखवते.

पद्धत सोपी आहे, पण कोन काटेकोर लागतो. रुग्ण गुडघा वाकवून तळवा डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपून प्रतिमा तयार करणाऱ्या पाटीवर टेकवतो. मग गुडघा आतल्या बाजूला झुकवला की पावलाची बाहेरची कड उचलली जाते. तळवा आणि डिटेक्टर यांच्यात 30 ते 40 अंशांचा कोन झाला की उचललेल्या कडेखाली फोमची पाचर सरकवतात, म्हणजे पाऊल हलत नाही. उंच कमानीच्या पावलाला कोन थोडा जास्त लागतो, सपाट पावलाला कमी. किरण तिसऱ्या मेटाटार्सलच्या बुडावर सरळ सोडतात. नळीचे अंतर साधारण 100 सेंटिमीटर असते. पाऊल पातळ असल्याने नळीला 50 ते 60 किलोव्होल्टचा विद्युतदाब पुरतो आणि विखुरलेले किरण अडवणारी जाळी लागत नाही.

कोन बरोबर साधला की नाही, हे प्रतिमाच सांगते. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मेटाटार्सलची बुडे सुटी दिसतात, क्युबॉइड हे बाहेरच्या कडेचे टार्सल हाड पूर्ण उलगडते, टाचेच्या वरची सायनस टार्सी ही पोकळी मोकळी दिसते आणि पाचव्या मेटाटार्सलचा बाहेर आलेला उंचवटा कडेला स्पष्ट उठून येतो. पहिल्या दोन मेटाटार्सलची बुडे मात्र एकमेकांवर येतात. तो दोष नव्हे, या कोनात ते होणारच. त्या दोघांमधली फट आणि आतल्या बाजूची क्युनिफॉर्म हाडे (मेटाटार्सलांना लागून असलेली टार्सल हाडे) पाहायची असतील, तर पाऊल उलट, म्हणजे बाहेरच्या बाजूला कलवतात.

बोटांचे गणित थोडे निराळे आहे. डिटेक्टरवर टेकलेली बोटे पुढे खाली वळलेली असतात, त्यामुळे सरळ किरणांत सांध्यांच्या फटी मिटलेल्या दिसतात. त्या उघडण्यासाठी वरून घेतलेल्या प्रतिमेतच नळी टाचेच्या दिशेने 10 ते 15 अंश कलवतात. नळी सरळ ठेवायची असेल तर पावलाखाली 15 अंशांची पाचर देतात, परिणाम तोच. तिरक्या प्रतिमेसाठी पाऊल 30 ते 45 अंश फिरवतात : अंगठा आणि लगतच्या दोन बोटांसाठी आत, चौथ्या बोटासाठी व करंगळीसाठी बाहेर. यामागे एकच विचार असतो. दुखरे बोट डिटेक्टरच्या जितके जवळ, तितकी त्याची सावली रेखीव. सेसमॉइडसाठी बोटे मागे वाकवून तळव्याच्या पुढच्या भागाला स्पर्शून जाणारे किरण सोडतात.

तिरकी प्रतिमा सर्वांत उपयोगी पडते ती पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी. पाऊल आत मुरगळले की तिथला उंचवटा तुटू शकतो. हा अस्थिभंग सहसा नीट भरतो. त्याच्या जरा पुढे झालेला भंग मात्र रक्तपुरवठा कमी असल्याने रेंगाळतो. त्याला जोन्स अस्थिभंग म्हणतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांचे स्वतःचे हे हाड नाचताना मोडले होते आणि 1902 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. दोन्ही भंगांचे उपचार वेगळे असल्याने रेषा नेमकी कुठे आहे, हे ठरवणे महत्त्वाचे. वाढत्या वयातल्या मुलांत याच जागी वाढीचे वेगळे केंद्र दिसते. त्याची रेषा हाडाच्या लांबीला धरून जाते, भंगाची बहुधा आडवी. हा फरक ध्यानात नसेल तर धडधाकट पाय प्लास्टरमध्ये जातो.

दुसरी जोखमीची जागा म्हणजे मेटाटार्सल आणि टार्सल हाडांमधला लिस्फ्रांक सांधा. इथली दुखापत पहिल्या तपासणीत वारंवार निसटते आणि निसटली तर पाय कायमचा दुखत राहू शकतो. वरून घेतलेल्या प्रतिमेत दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी जुळली पाहिजे. तिरक्या प्रतिमेत चौथ्या मेटाटार्सलची आतली कड क्युबॉइडच्या आतल्या कडेशी एका रेषेत हवी. ही दुसरी रेषा तपासल्याशिवाय पाऊल ठीक असल्याचा निर्वाळा देऊ नये. शंका उरलीच, तर रुग्णाला उभे करून पायावर भार असताना प्रतिमा घेतात, कारण झोपलेल्या रुग्णात सुटलेला सांधाही जागेवर बसलेला दिसू शकतो.

किशोरवयात पाऊल ताठ होऊन वारंवार मुरगळत असेल, तर टाचेचे हाड आणि नेव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचे एक टार्सल हाड) यांच्यातला जन्मजात जोड शोधतात. 45 अंशांच्या तिरक्या प्रतिमेत तो थेट दिसतो. संधिवाताभ आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) पाचव्या मेटाटार्सलच्या डोक्याची, म्हणजे बोटाकडच्या टोकाची बाहेरची कड लवकर कुरतडली जाते, आणि तीही याच कोनात चांगली दिसते.

मर्यादाही आहेत. कललेल्या पावलात हाडांमधले कोन बदलतात, म्हणून अंगठा बाहेर वळण्याचा विकार मोजायला ही प्रतिमा चालत नाही. त्यासाठी भार दिलेल्या पावलाची वरून घेतलेली प्रतिमाच हवी. ताणामुळे पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे कुठल्याच कोनात दिसणार नाही, असे होऊ शकते. हाडातला जंतुसंसर्गही साधारण 10 ते 14 दिवस लपून राहतो. अशा वेळी ‘एक्स-रे नॉर्मल’ हे उत्तर मानून न थांबता एमआरआय करावा लागतो.

प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढावा असेही नाही. कॅनडातल्या ओटावा इथे तयार झालेल्या नियमांनुसार पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल आणि पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी किंवा नेव्हिक्युलरवर दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तरच तो काढावा. किरणांची मात्रा मात्र फारच थोडी असते. हातापायांच्या एक्स-रेची परिणामी मात्रा सुमारे 0.001 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी, म्हणजे निसर्गातून काही तासांत मिळते तेवढी. म्हणून कोन चुकला असेल तर अंदाजाने निदान करण्यापेक्षा तिरकी प्रतिमा पुन्हा घेणे केव्हाही बरे.