ठाणे महापालिकेचे अंदाजपत्रक आणि महापौर

ठाणे महापालिकेचे अंदाजपत्रक म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात महापालिकेकडे किती पैसा येईल आणि तो कशावर जाईल, याचा आयुक्तांनी मांडलेला, स्थायी समितीने तपासलेला आणि सर्व नगरसेवकांच्या महासभेने मंजूर केलेला अंदाज. २०२५-२६ साली तो ५,६४५ कोटी रुपयांचा होता. महापौरपदाची माहिती याच नोंदीत घेतली आहे, कारण ठाणेकर गटारापासून नाट्यगृहापर्यंत प्रत्येक खर्चाचा जाब महापौरांना विचारतो, आणि महापौरांना महापालिकेच्या एका धनादेशावरही सही करता येत नाही.

ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. नगराध्यक्षांच्या यादीत भावगीतकार पी. सावळाराम यांचेही नाव आहे. त्यांच्या नावाने महापालिका आजही पुरस्कार देते. १९६७ च्या निवडणुकीनंतर वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले आणि शिवसेनेच्या हाती पहिल्यांदा एका शहराचा कारभार आला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी आसपासची गावे जोडून महापालिका स्थापन झाली, पण नगरसेवक निवडून यायला १९८६ उजाडले. म्हणजे या महापालिकेची सुरुवातच प्रशासकाने झाली. आधी नगराध्यक्ष राहिलेले सतीश प्रधान पहिले महापौर झाले. तलावपाळीकाठचे गडकरी रंगायतन (१९७८) त्यांच्या नगराध्यक्षपदाच्या काळातले. पुढच्याच वर्षी महापौर झालेले वसंत डावखरे नंतर विधान परिषदेचे उपसभापती झाले. तेव्हा महापौरांची मुदत एक वर्षाची असे. ती आता अडीच वर्षांची आहे आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे मंत्रालयातल्या सोडतीत ठरते.

तिजोरीची किल्ली

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (जुने नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, पालिकेतली जुनी मंडळी अजून ‘बीपीएमसी ॲक्ट’च म्हणतात) या कायद्याने कारभाराचे तीन वाटे केले आहेत : महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त. महापौर हा चौथा वाटा नव्हे. ते महासभेचे पीठासीन अधिकारी. सभा बोलावणे, कोणाला बोलू द्यायचे ते ठरवणे, सभा तहकूब करणे, मते समसमान पडली तर निर्णायक मत देणे, एवढे त्यांचे कायदेशीर बळ. पैशाचे निर्णय सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत होतात आणि अंमलबजावणी राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असते. त्यामुळे पक्षांतर्गत रस्सीखेच कित्येकदा महापौरपदापेक्षा स्थायीच्या सभापतिपदासाठी जास्त होते. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे महापौर परिषदेचा, म्हणजे महापौरांना मंत्रिमंडळासारखे अधिकार देण्याचा प्रयोग झाला, तो वर्षभरात गुंडाळला गेला. ठाण्यापर्यंत तो आलाच नाही.

अंदाजपत्रकाचा प्रवास असा. जानेवारीत लेखा विभाग प्रत्येक खात्याकडून मागण्या गोळा करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आयुक्त चालू वर्षाचे सुधारित आणि पुढच्या वर्षाचे मूळ अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यात भर घालते. कपात करताना तिला फारसे कोणी पाहिलेले नाही. मग ते महासभेत येते, दोन-तीन दिवस चर्चा चालते, नगरसेवक आपापल्या प्रभागाची कामे सुचवतात आणि आकडा आणखी फुगतो. उत्पन्नाची बाजू त्याला जुळवून घेण्यासाठी मालमत्ता कराचे किंवा शहर विकास विभागाचे उद्दिष्ट वर सरकवले जाते. कायद्याने वर्षअखेर थोडीतरी रोख शिल्लक दाखवावीच लागते. म्हणून हजारो कोटींच्या जमाखर्चाच्या तळाशी काही लाखांची शिल्लक दिसते आणि अंदाजपत्रक ‘शिलकी’ ठरते. या शब्दाला फार भुलू नये.

महासभेला आयुक्तांचा निर्णय पटला नाही, तर ती ठराव करू शकते. आयुक्तांना महासभेचा ठराव पटला नाही, तर ते तो कलम ४५१ खाली विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे पाठवू शकतात. शेवटचा शब्द अशा रीतीने मंत्रालयात जातो.

पैसा येतो कुठून

एकेकाळी उत्तर सोपे होते : जकात. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रककडून नाक्यावर रोजच्या रोज रोकड मिळे. १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालच्या उलाढालीला तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलासुरलाही संपला. बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई अनुदान देते, त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ धरलेली असते. पैसे वेळेवर येतात, तक्रार तेवढ्याची नाही. पण पूर्वी शहरातला व्यापार वाढला की पालिकेची तिजोरी भरे, आता व्यापार वाढो न वाढो, आठ टक्के ठरलेले. स्वतः कमावणारे घर महिन्याच्या मनिऑर्डरवर आले, असेच म्हणावे लागेल.

स्वतःच्या हातातला मोठा स्रोत मालमत्ता कर. ठाण्यात तो जागेच्या अपेक्षित भाड्यावरून काढलेल्या करयोग्य मूल्यावर आकारतात. घरी येणारे बिल एकदा नीट वाचण्यासारखे असते. वरच्या ओळीत सर्वसाधारण कर, खाली जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष कर असे रकाने, आणि त्यातच शिक्षण कर व रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन महापालिका गोळा करते राज्य सरकारसाठी, पण शिव्या मात्र स्वतः खाते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. वर्षाअखेरीस ‘अभय योजना’ जाहीर होते आणि शास्तीचा मोठा भाग माफ होतो, तेव्हा जूनमध्येच रांगेत उभे राहून कर भरणारा माणूस आपण घाई केली की काय, या विचारात पडतो. त्याच्यासाठी लवकर पैसे भरल्याची दहा टक्के सवलत असते, तीही दुसऱ्या सहामाहीच्या सर्वसाधारण करापुरती.

तिसरा स्रोत बांधकाम परवानगी. विकास शुल्क, प्रीमियम, वाढीव चटईक्षेत्राचे (एफएसआय) पैसे शहर विकास विभागाकडून येतात. घोडबंदर रस्त्यावर टॉवर उठत आहेत तोवर हा झरा चालू. बाजार मंदावला की अंदाजपत्रकाचा पहिला बळी हाच आकडा. या विभागाचा एक उपयोग जमाखर्चात दिसतही नाही. १९९७ ते २००० या काळात टी. चंद्रशेखर आयुक्त असताना शहरातले रस्ते रुंद झाले, तेव्हा जमीन देणाऱ्या अनेकांना रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क, मिळाला. पालिकेची रोकड वाचली. त्या हक्कातून उभ्या राहिलेल्या इमारतींना लागणारे पाणी आणि मलवाहिन्या यांचा हिशेब पुढच्या अंदाजपत्रकांनी भरला.

पैसा जातो कुठे

पगार, निवृत्तिवेतन, घनकचरा, वीज. यातच महसुली बाजूचा मोठा हिस्सा जातो. ठाण्याचे स्वतःचे धरण नाही. स्वतःची योजना, स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असे चार ठिकाणांहून मिळून रोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी येते, त्यातले बरेच विकत घेतलेले असते. पाणीपट्टीतून तो खर्च भरून निघत नाही. कळव्याचे पाचशे खाटांचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय महापालिका चालवते, आणि तिथे शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण येतात. १९८९ साली सुरू झालेल्या ठाणे परिवहन सेवेचे अंदाजपत्रक वेगळे असते, पण ते मूळ पालिकेच्या अनुदानाशिवाय उभे राहत नाही.

जुन्या ठेकेदारांची थकलेली बिले म्हणजे ‘दायित्व’ हा शब्द अंदाजपत्रकाच्या भाषणात दरवर्षी येतो. काम आज, बिल तीन वर्षांनी, अशी ती साखळी. करोनाच्या वर्षी तिने गळ्याला फासच लावला. २०२०-२१ चे ३,७८० कोटींचे मूळ अंदाजपत्रक पुढच्या वर्षी २,७५५ कोटींवर आणावे लागले. नगरसेवक निधीला कात्री लागली आणि सभागृहात विषाणूपेक्षा तिचीच चर्चा जास्त झाली. पुढे आकडा वेगाने चढला : ३,२९९ कोटी, ४,३७० कोटी, ५,०२५ कोटी. या चढणीत राज्य आणि केंद्राकडून आलेल्या अनुदानांचा व दीर्घ मुदतीच्या कर्जांचा भाग मोठा आहे, आणि त्याच काळात राज्याचे मुख्यमंत्री ठाण्याचे होते.

महापौरांचा दिवस

पाचपाखाडीच्या मुख्यालयातल्या महापौर दालनाबाहेर सकाळी अकराच्या सुमारास बसून पाहावे. एका सोफ्यावर सोसायटीचे सेक्रेटरी, हातात प्लास्टिकच्या फोल्डरात अर्ज : ‘आमच्या गल्लीतील ड्रेनेज लाईन बदलून मिळणेबाबत’. शेजारी भजनी मंडळाच्या बायका, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका घेऊन आलेले मुख्याध्यापक, कबड्डीच्या चषकासाठी आलेली पोरे. महापौर अर्ज वाचतात, दोन प्रश्न विचारतात आणि समासात हिरव्या शाईने शेरा मारतात : ‘मा. आयुक्त, तपासून योग्य ती कार्यवाही व्हावी.’ सेक्रेटरी समाधानाने उतरतात. अर्ज प्रभाग समितीच्या कार्यालयात पोहोचतो (अशा समित्या नऊ आहेत, माजिवडा-मानपाड्यापासून दिव्यापर्यंत) आणि तिथला अभियंता पहिलाच प्रश्न विचारतो : लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते) कोणते? तरतूद शिल्लक आहे का?

शेऱ्याला लेखाशीर्ष नसते. म्हणूनच महापौरांना फिरावे लागते. ज्या कामाला अंदाजपत्रकात जागा नाही, त्याला पुढच्या अंदाजपत्रकात जागा मिळवून देण्यासाठी खातेप्रमुखाला जागेवर बोलावणे, पत्रकारांसमोर नाला दाखवणे, स्थायीच्या सभापतींना फोन करणे हाच त्यांचा अधिकार. पावसाळ्याआधीचे नालेसफाईचे दौरे बाहेरून फोटोपुरते दिसतात. पण त्याच दौऱ्यात ठेकेदाराचे बिल थांबवा असे सर्वांसमोर म्हटले गेले, तर ते थांबवण्याची निदान लाज तरी प्रशासनाला राहते.

बाकीच्या भेटीगाठी वर्षाच्या चक्राला बांधलेल्या असतात. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराच्या पुढाकाराने निघणाऱ्या स्वागतयात्रेत महापौर चालतात. बऱ्याचदा पाडवा नव्या आर्थिक वर्षाच्या तोंडावरच येतो, त्यामुळे पालखीसोबत चालतानाही अंदाजपत्रकाच्या ठरावाची चौकशी होते. भाद्रपदात विसर्जन घाट आणि कृत्रिम तलाव, ज्यांचा पायंडा ठाण्याने लवकर पाडला. १ ऑक्टोबरला वर्धापनदिनी ठाणे भूषण, ठाणे गौरव, ठाणे गुणिजन हे पुरस्कार. पुरस्कारांची यादी दरवर्षी लांबत जाते, अशी कुरकुर जुनीच आहे. उपवनला महापौर निवास आहे, तिथेही लोकांची ये-जा चालू असते. या सगळ्याला ‘हारतुरे’ म्हणून नाक मुरडण्याची पद्धत आहे. पण आयुक्त बदलून जातात, महापौर त्याच शहरात राहतात आणि भाजी आणायला त्याच मंडईत जातात. दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला माणसे त्यांना तिथेच गाठतात.

खाडीपलीकडे

नवी मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ५,७०९ कोटींचे, म्हणजे ठाण्यापेक्षा किंचित मोठे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या १८.४ लाख आणि नवी मुंबईची ११.२ लाख, हे पाहता फरक किंचित राहत नाही. १ जानेवारी १९९२ ला सुरू झालेल्या या महापालिकेला सिडकोने आखलेले रस्ते आणि गटारे आयती मिळाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा कर मिळाला आणि पुढे तिने मोरबे धरणच घेतले. तिथे जकातीऐवजी उपकर होता, म्हणजे नाके नव्हतेच. १९९५ मध्ये संजीव नाईक विशीतच पहिले महापौर झाले.

पैसा मुबलक असला की किल्लीचा वाद मिटतो असे मात्र नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या महासभेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला. राज्य सरकारने तो मान्य केला नाही. काही महिन्यांनी बदली झाली, ती सरकारच्या सोयीने.

महापौर नसलेली वर्षे

नवी मुंबईची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणुका लांबल्या आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत दोन्हीकडे आयुक्तच प्रशासक होते. ठाण्याची २०२३-२४ पासूनची तीन अंदाजपत्रके त्या त्या वेळच्या आयुक्तांनी मांडली आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केली. चर्चा नाही, उपसूचना नाही, आकडा फुगवणारे कोणी नाही. अनेकांना ते सुटसुटीत वाटले. १३१ जागांचे सभागृह मात्र रिकामे होते आणि ड्रेनेजचा अर्ज घेऊन आलेल्या सेक्रेटरींना माजी नगरसेवकाच्या घराची बेल वाजवावी लागत होती.

सतीश प्रधान यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ठाणे महापौर वर्षा मॅरेथॉन २०१९ मध्ये तिसाव्यांदा धावली आणि थांबली : आधी करोना, मग महापौरच नाहीत. १० ऑगस्ट २०२५ ला एकतिसावी स्पर्धा झाली, तेव्हा ती महापालिकेच्या नावाने भरवली गेली. ‘महापौर’ हा शब्द त्या वर्षी फक्त जुन्या टी-शर्टांवर होता.