जूकोची वाट: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या शिष्यवृत्त्या आणि पातळ्या कशा घडल्या

अमेरिकेत बारावीच्या वर्षात असलेला फुटबॉलपटू आणि त्याचे आई-वडील दर हिवाळ्यात एकाच प्रश्नाने बेजार असतात: खेळायचं तर कोणत्या पातळीवर? मोठ्या विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय, 'वॉक-ऑन' म्हणून संघात शिरायचं? डिव्हिजन टूच्या, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या, कॉलेजने देऊ केलेली अर्धीमुर्धी शिष्यवृत्ती घ्यायची? की दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात, तिथल्या बोलीत 'जूको'त, जाऊन तिथून वर चढायचं? हे ज्युनियर कॉलेज म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं नव्हे. पदवीची पहिली दोन वर्षं तिथे शिकवतात, फी कमी असते आणि बहुतेक कॉलेजं सरकारी पैशावर चालतात. फुटबॉलही अर्थात अमेरिकी, हेल्मेट घालून खेळायचा.

ही सगळी उतरंड खेळातल्या कुवतीप्रमाणे लागली आहे, असं सहसा समजलं जातं. पोरगा चांगला असेल तर डी-वन, त्याहून कमी असेल तर डी-टू, कुठेच जमलं नाही तर जूको. हा समज अर्धाच खरा आहे. शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर वरच्या पातळीने वेळोवेळी कुणाला ना कुणाला बाहेर ठेवणारा नियम केला आणि बाहेर राहिलेले जूकोत गेले, असंच पुन्हा पुन्हा दिसतं. पातळी निवडताना हे माहीत असलेलं बरं, कारण ते नियम आजही बदलताहेत.

सुरुवात शिकागोजवळच्या जोलिएट गावात झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांनी १९०१ मध्ये शाळेलाच कॉलेजची दोन वर्षं जोडली. पहिल्या वर्गात सहा विद्यार्थी होते. घर सोडणं किंवा विद्यापीठाचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, त्यांच्यासाठी ही सोय होती. कल्पना देशभर पसरली, पण तिने सर्वांत खोल मूळ धरलं ते कॅलिफोर्नियात.

जूकोच्या खेळांची राष्ट्रीय संघटनाही नकारातूनच जन्मली. विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएकडे कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांनी अर्ज केला होता: आमच्या धावपटूंना तुमच्या मैदानी स्पर्धेत उतरू द्या. अर्ज फेटाळला गेला. तेव्हा १३ कॉलेजांनी १९३८ मध्ये फ्रेस्नो इथे स्वतःची संघटना उभी केली. तीच आजची एनजेसीएए. पुढे कॅलिफोर्नियाने आपला कारभार वेगळा केला आणि आजही तिथे राज्याची स्वतंत्र संघटना आहे.

त्या काळातला कॅलिफोर्नियाचा जूको समजून घ्यायचा तर जॅकी रॉबिन्सनकडे पाहावं. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पुढे पाडणारा हा खेळाडू १९३७ मध्ये घराजवळच्या पॅसाडेना ज्युनियर कॉलेजात गेला. बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरचं रौप्यपदक मिळवणारा त्याचा थोरला भाऊ मॅकही तिथलाच. जॅकी तिथे फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून खेळला आणि १९३९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला. गरीब घरातल्या, एकट्या आईने वाढवलेल्या मुलाला कॉलेजचं शिक्षण आणि मोठ्या मैदानाची ओळख फी न भरता मिळत होती. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी (ज्युनियर कॉलेजांचंच दुसरं नाव) सर्वांना लागू होणारी फी लावली ती थेट १९८४ मध्ये. त्यामुळे तिथे खेळाची शिष्यवृत्ती ही गोष्टच रुजली नाही. आजही कॅलिफोर्नियातलं कोणतंही ज्युनियर कॉलेज खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ शकत नाही. नियमानेच मनाई आहे. बाहेरच्या राज्यातून तिथे जाणाऱ्या मुलाला फी, खोलीचं भाडं, जेवण सगळं स्वतः पाहावं लागतं. खेळाचा दर्जा उत्तम आहे म्हणून निघालेली घरं या खर्चाच्या हिशेबाशी अडतात.

युद्धानंतर सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणारा १९४४ चा कायदा आला आणि कॉलेजं भरली. १९४६ मध्ये पॅसाडेनात 'ज्युनियर रोझ बोल' सुरू झाला. कॅलिफोर्नियाचा विजेता एका बाजूला आणि उरलेल्या देशातला एक तगडा संघ दुसऱ्या बाजूला. यातला १९५५ चा सामना विसरू नये असा आहे. मिसिसिपीच्या एलिसव्हिल गावातल्या जोन्स काउंटी ज्युनियर कॉलेजला निमंत्रण आलं आणि समोर होता कॉम्प्टन. कॉम्प्टनच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते, जोन्समध्ये सगळे गोरे. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची मिसिसिपीत हत्या झाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. असा सामना खेळूच नये म्हणून राज्यातून जोरदार विरोध झाला, पण संघ गेला आणि खेळला. कॉम्प्टन २२-१३ असं जिंकलं. निकालापेक्षा मोठी गोष्ट ही की मिसिसिपीचा एक गोरा कॉलेज संघ मिश्र संघासमोर उभा राहिला, आणि तो राज्यातल्या एका लहान ज्युनियर कॉलेजचा होता.

आता शिष्यवृत्तीकडे येऊ. खेळाडूला पैसे द्यावेत की नाही, यावर एनसीएएने अनेक वर्षं घोळ घातला. १९४८ मध्ये 'सॅनिटी कोड' आणला: मदत करायची ती आर्थिक गरज पाहून, खेळ पाहून नव्हे. चोरून पैसे देणारी विद्यापीठं मुकाट्याने ऐकणार नव्हतीच, तीन वर्षांत तो नियम गुंडाळावा लागला. १९५६ मध्ये खेळाच्या बळावर पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला उघड मान्यता मिळाली. त्यानंतर बड्या प्रशिक्षकांनी शिष्यवृत्त्यांची खैरात केली. स्वतःच्या संघात जागा नसली तरी मुलगा दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून त्याला घेऊन ठेवायचं, हा सर्रास प्रकार होता.

१९७३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एनसीएएने कॉलेजांची तीन डिव्हिजनमध्ये वाटणी केली आणि फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा घातली. त्याच वर्षी शिष्यवृत्ती एका वर्षाची झाली. दरवर्षी नूतनीकरण करायचं की नाही, हे कॉलेजच्या हाती गेलं. पाच वर्षांनी डिव्हिजन वनचे दोन तुकडे झाले, ज्यांना आज एफबीएस (वरचा) आणि एफसीएस (खालचा) म्हणतात. मर्यादा घटत घटत १९९४ मध्ये ८५ वर आली. बड्या संघांकडे साठवून ठेवलेली मुलं खाली वाहू लागली आणि खालच्या पातळ्यांचा खेळ सुधारला.

आकडे कसे चालतात ते इथे नीट पाहू, कारण घराघरात गोंधळ होतो तो यातच. एफबीएसमध्ये ८५ शिष्यवृत्त्या म्हणजे ८५ मुलं. प्रत्येकाला फी, निवास, जेवण, पुस्तकं, सगळं पूर्ण. ही पद्धत २०२५ पर्यंत चालली. एफसीएसमध्ये ६३ शिष्यवृत्त्यांएवढे पैसे, पण ते तोडून वाटता येतात. डिव्हिजन टूमध्ये ३६, आणि संघात मुलं शंभराच्या आसपास. म्हणजे 'मला डी-टूची ऑफर आहे' या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा एक-तृतीयांश खर्च सुटला, एवढाच असतो. उरलेला गरजेनुसार मिळणाऱ्या सरकारी पेल ग्रँटमधून, गुणांच्या शिष्यवृत्तीतून किंवा कर्जातून उभा करायचा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक पैसाही नाही, मात्र गुणांवर मदत भरपूर मिळू शकते. अभ्यासात हुशार मुलाला अनेकदा तीच सर्वांत स्वस्त पडते. आणि एनजेसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमधलं जूको पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतं: फी, पुस्तकं, राहणं, जेवण. देऊ शकतं, देतंच असं नाही. प्रत्येक कॉलेजचं बजेट वेगळं असतं, म्हणून 'तुमच्याकडे काय काय मिळतं' हे लेखी मागावं.

जूकोचा चेहरा मात्र सर्वांत जास्त बदलला तो 'प्रपोझिशन ४८'ने. हा नियम १९८३ मध्ये मंजूर झाला आणि १९८६ पासून लागू झाला. डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षी खेळायचं तर हायस्कूलच्या ११ मुख्य विषयांत ४ पैकी सरासरी २.० आणि सॅट या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० किंवा अॅक्ट या दुसऱ्या परीक्षेत १५ गुण हवेत. उद्देश चांगला होता, कारण खेळाडूंना न शिकवताच वापरून घेतलं जात होतं. पण फटका बसला तो गरीब शाळांतल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांना. १९८९ च्या जानेवारीत हा नियम आणखी कडक करायचं ठरलं तेव्हा जॉर्जटाउनचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन निषेध म्हणून सामना सुरू होण्याच्या तोंडावर मैदान सोडून निघून गेले.

या नियमानंतर कॅन्सस, मिसिसिपी, टेक्सासमधल्या लहान गावांतली कॉलेजं 'नॉन-क्वालिफायर', म्हणजे या अटीत न बसणाऱ्या, मुलांनी भरू लागली. हा शिक्का किती महागात पडतो, ते दोन मुलांच्या वाटा शेजारी ठेवल्या की कळतं.

एक वाट अॅरन रॉजर्सची. २००२ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या चिको गावात हायस्कूल संपवत होता. अंगाने लहान, आणि एकाही डिव्हिजन वन विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तो जवळच्या ब्यूट कॉलेजात गेला. कॅल विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड तिथे आले होते ते त्याच्या संघातल्या दुसऱ्याच खेळाडूला पाहायला, पण क्वार्टरबॅकही त्यांच्या डोळ्यांत भरला. रॉजर्सचे हायस्कूलचे गुण उत्तम होते, तो 'क्वालिफायर' होता. म्हणून एकच हंगाम खेळून २००३ मध्ये तो कॅलला जाऊ शकला, आणि २००५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत निवडला गेला.

दुसरी वाट गुण कमी पडलेल्या मुलाची. त्याच मैदानावर तो तेवढाच चांगला खेळला तरी डिव्हिजन वनला जाण्याआधी त्याला ज्युनियर कॉलेजची पदवी पूर्ण करावी लागते. पुढच्या विद्यापीठात धरले जाणारे ४८ क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमांचे गुणांक, हवेत. त्यात इंग्रजीचे ६, गणिताचे ३, विज्ञानाचे ३, आणि सरासरी २.५. दोन्ही मुलं जूकोतच गेली, पण एकाला वर्षाने दार उघडतं आणि दुसऱ्याला दोन वर्षं घासावी लागतात. म्हणून जूकोचा विचार करणाऱ्या घराने खेळाच्या व्हिडिओआधी गुणपत्रिका काढून बसावं, असं मी आवर्जून सांगेन.

यशोगाथा कमी नाहीत. रॉजर स्टॉबॅक न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून नौदल अकादमीत गेला आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी १९६३ मध्ये जिंकला. फ्लोरिडा विद्यापीठ सोडलेल्या कॅम न्यूटनने २००९ मध्ये टेक्सासच्या ब्लिन कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि पुढच्याच वर्षी ऑबर्न विद्यापीठाकडून हाइझमनही पटकावली. पण ही नावं दाखवून मुलांना बोलावणाऱ्या कॉलेजांनी दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅन्ससमध्ये बाहेरच्या राज्यांतल्या खेळाडूंवर प्रत्येक संघाला २० ची मर्यादा होती, ती २०१६ मध्ये उठली आणि लहान गावांत देशभरातली मुलं आली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गार्डन सिटीत न्यू जर्सीहून आलेला १९ वर्षांचा मुलगा संघाच्या पहिल्याच सरावानंतर उष्माघाताने गेला. सरावाच्या वेळी वैद्यकीय मदतनीस कोण असतो, बर्फाच्या पाण्याचा टब असतो का, हे प्रश्न शिष्यवृत्तीच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. ते विचारायला पालकांनी मुळीच संकोच करू नये.

त्याच वर्षी अॅरिझोनातल्या फीनिक्स परिसरातल्या चार कम्युनिटी कॉलेजांनी खर्च परवडत नाही म्हणून फुटबॉल कायमचा बंद केला. आणि ऑक्टोबरमध्ये एनसीएएने 'ट्रान्स्फर पोर्टल', म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, सुरू केली. २०२१ पासून विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसण्याची अट एका बदलीपुरती गेली, पुढे तीही मर्यादा उठली. कोविडमुळे सर्वांना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं होतंच. आता प्रशिक्षकाला तयार खेळाडू हवा असेल तर तो जूकोकडे वळण्याआधी पोर्टलमध्ये पाहतो, कारण तिथे त्याच पातळीवर दोन-तीन वर्षं खेळलेली मुलं मिळतात. जूकोचा सर्वांत मोठा आधार होता 'लगेच खेळू शकणारा खेळाडू'. त्यालाच हा धक्का आहे. बारावीच्या मुलांच्याही जागा घटल्या, आणि त्यातली काही जूकोत आली. म्हणजे तिथे गर्दी वाढली आणि वर जायची वाट अरुंद झाली.

खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या 'हाउस' खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने ८५ चा आकडाही मोडला. त्यात सामील झालेली विद्यापीठं आता संघातल्या सर्वांना शिष्यवृत्ती देऊ शकतात, मात्र संघ १०५ चाच. पूर्वी वॉक-ऑन धरून संघ १२० च्या पुढे जात. त्यामुळे 'आधी वॉक-ऑन जाऊ, मग शिष्यवृत्ती मिळवू' हा जुना सल्ला आज देताना दहादा विचार करावा लागेल.

जूकोच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट घडली आहे. डिएगो पाविया न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये खेळला, २०२१ मध्ये तिथे राष्ट्रीय विजेता ठरला, मग न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठामार्गे नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पोहोचला. खेळाडूला खेळायला मिळणाऱ्या चार हंगामांत एनसीएए जूकोतली वर्षंही धरते, याला त्याने २०२४ मध्ये न्यायालयात आव्हान दिलं. जूको एनसीएएची सदस्यच नाही, तिथे मिळणारी प्रसिद्धी आणि पैसाही तसा नाही, मग ती वर्षं का मोजायची, असा त्याचा मुद्दा होता. डिसेंबरमध्ये नॅशव्हिलच्या न्यायाधीशांनी त्याला खेळायची अंतरिम परवानगी दिली. पाठोपाठ एनसीएएने त्याच्यासारख्या, हंगाम संपलेल्या इतर खेळाडूंनाही एका वर्षाची सूट दिली आणि पाविया २०२५ मध्ये पुन्हा मैदानात उतरला. ती सूट त्या एका तुकडीपुरती होती. आज जूकोत जाणाऱ्या मुलाने आपली दोन वर्षं मोजली जाणार असंच धरून कॉलेज निवडावं, आणि तिथला पहिला हंगाम खेळायचा की राखून ठेवायचा, हे प्रशिक्षकाशी जाण्याआधीच बोलून घ्यावं.