इंदूर पद्धत, बंगलोर पद्धत आणि बिचारा खड्डा

मागच्या श्रावणात रामबागेतल्या एका काकूंच्या गच्चीवर गेले होते. कोपऱ्यात निळा ड्रम, घट्ट झाकण, वर वीट. "इंदूर पद्धतीचं कंपोस्ट गं, आपल्या गावचं!" असं म्हणत त्यांनी झाकण उचललं आणि आम्ही दोघी नाकाला पदर लावून थेट जिन्यापर्यंत मागे सरलो. सडक्या अंड्यांचा वास. आत काळा, चिकट, थंडगार लगदा. गाव इंदूर असलं तरी झाकण, वीट आणि हात न लावणं हे सगळं बंगलोर घराण्याचं.

कंपोस्ट करायच्या इंदूर आणि बंगलोर या दोन पद्धतींतला फरक विचारा, दहातले आठ जण सांगतील: इंदूर म्हणजे ढीग, बंगलोर म्हणजे खड्डा. परीक्षांची गाइडं चाळणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ असतं. माझं डोकं इथेच फिरतं. इंदूर पद्धत बसवणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते, आणि त्यांनी इंदुरात खड्डेच खणले होते: ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल, कडा उतरत्या. पावसाळ्यात मात्र तोच माल जमिनीवर ढीग करून रचायचे. आपली काळी माती जुलैत ज्याने तुडवली आहे त्याला कारण सांगायला नको, खड्ड्याचं तळं होतं. म्हणजे खड्डा की ढीग हे पावसानं ठरवलं. बंगलोरचा चरही खड्डाच. मग खड्ड्यावरून ओळख पटवायची कशी?

आत काय घालायचं ते तुम्हाला ठाऊक आहे: पाचोळा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, थोडी राख, पाणी. (पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, कडक, लवकर कुजत नाहीत, म्हणून हॉवर्ड त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. असला शास्त्रज्ञ मला फार आवडतो.) बंगलोरची पद्धत सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये बसवली, तीही शहरासाठी: शेणाऐवजी मैला, पाचोळ्याऐवजी गावचा कचरा. मालातला फरक इतकाच, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

खरा फरक हवेचा आहे. इंदूर पद्धतीत ढीग पालटतात, बंगलोर पद्धतीत पालटत नाहीत.

हवा मिळते तेव्हा जिवाणू पाचोळा खाऊन पार संपवतात: कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि भरपूर उष्णता. ढिगाचं पोट ६० अंशांच्या आसपास तापतं, माश्यांच्या अळ्या, तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात भाजून निघतात. पण खाता खाता आतला प्राणवायू संपतो आणि माल दबून बसतो. म्हणून साधारण १५ दिवसांनी पहिली पालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार. आणि पालटणं म्हणजे पळीनं आमटी ढवळल्यासारखं वरवर हलवणं नव्हे. कडेचं थंड, अर्धकच्चं आत गेलं पाहिजे, आतलं बाहेर आलं पाहिजे. थंडीत सकाळी पहिली पालट करून बघा. दाताळं खुपसून उचललं की वाफ थेट चष्म्यावर, पानांवर राखेसारखी पांढरी बुरशी, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. दुर्गंधी येत असेल तर तुमचं कुठेतरी चुकतंय.

बंगलोरला चर सुमारे मीटरभर खोल. कचऱ्याचा १५ सेंटीमीटरचा थर, त्यावर मैल्याचा ५ सेंटीमीटरचा, असं रचत जायचं. पहिले आठ-दहा दिवस आत अडकलेल्या हवेवर तोही तापतो. हवा संपली की हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते अन्न पुरतं जाळत नाहीत. बरीचशी ऊर्जा मिथेनमध्ये तशीच राहते. गोबरगॅसची शेगडी पेटते ती याच उरलेल्या ऊर्जेवर. म्हणून चर थंड पडतो आणि सहा ते आठ महिने घेतो. आपण दोन्हीला 'कुजणं' म्हणून मोकळे होतो, तिथेच घोटाळा होतो. माझ्यापुरतं मी ठरवलंय: इंदूरचं खत तापतं, बंगलोरचं मुरतं.

बंगलोरला मी नावं ठेवत नाही हं. वस्तुमान आणि नत्र त्यात कमी वाया जातं, मजुरी वाचते, आणि मैला कुणाला वरखाली करावा लागत नाही. त्या कामापुरती ती पद्धत शहाणीच. गंमत म्हणजे २०२२ मध्ये देवगुराडियाला सुरू झालेला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून इंधनाचा गॅस काढू शकणारा आपला बायो-सीएनजी प्रकल्पही हवाबंद घराण्यातलाच. अशा कामांत इंदूर पद्धत इंदुरातच मागे पडलीय! आणि हॉवर्डबरोबर १९३१ च्या पुस्तकावर ज्यांचं नाव आहे ते रसायनतज्ज्ञ यशवंत वाड, त्यांना तर आपल्या मराठी मंडळींतसुद्धा कुणी ओळखत नाही.

एक पोटशंका नेहमी येते: "माझी बादली तापतच नाही, म्हणजे बंगलोर झालं का?" नाही. उष्णता धरून ठेवायला निदान तीन फूट लांब-रुंद-उंच एवढा ऐवज लागतो. बादलीत तयार झालेली उष्णता लगेच निसटते. भोकं असतील, माल मोकळा असेल, वास येत नसेल, तर हवा पोचतेय. आणि खरोखर तापणाऱ्या ढिगात गांडुळं सोडू नका, शिजतील बिचारी.

काकूंचा ड्रम आम्ही गच्चीवर उपडा केला, शेजारच्या आंब्याचा दोन पोती वाळका पाचोळा त्यात कालवला आणि ढीग रचून वर ताडपत्री टाकली, कडा उघड्या ठेवून. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवत नव्हती.

तुमची कंबर पालटायला तयार नसेल तर खुशाल बंगलोर करा. अंगणात चर घ्या, वरून माती लिंपा, आणि नावही बंगलोरचंच सांगा. फक्त दसऱ्याला भरलेला चर मृग लागेपर्यंत उघडू नका.