कोणाचो रे तू?

मालवणात एसटीतून उतरून कुठल्याही वाडीत शिरा. पडवीत बसलेली आजी नाव विचारायच्या आधी विचारते, "कोणाचो रे तू?" नुसत्या नावाने तिचं भागत नाही, एका गावात सात प्रकाश असतात. आजोबांचं नाव, वाडी, आईचं माहेर कळलं की तिच्या डोक्यात तुमची जागा पक्की.

सरकारी आकडेवारीला हा प्रश्न कोणी विचारत नाही, तिथंच घोडं पेंड खातं. केंद्र सरकारने २०१२ मध्ये खुल्या माहितीचं संकेतस्थळ सुरू केलं, तक्ते ढिगाने आहेत. पण साधा शोध फक्त अक्षरं जुळवतो. 'सिंधुदुर्ग पाऊस १९७५' टाकून बघा. हाती काय लागणार? हा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तोच मुळी १ मे १९८१ रोजी. हवामान खात्याची १९०१ पासूनची मासिक पावसाची मालिका आहे, पण ती 'कोकण आणि गोवा' या उपविभागाच्या नावाने. शोधणारा आणि तक्ता, दोघे शेजारी असून अनोळखी.

यावरचा उपाय म्हणजे नॉलेज ग्राफ, यंत्रासाठी विणलेलं आजीच्या डोक्यातलं जाळंच. त्यात प्रत्येक गोष्ट एक गाठ आणि प्रत्येक नातं एक दोरी. वाक्यं तीन तुकड्यांची: 'सिंधुदुर्ग – वेगळा झाला – रत्नागिरीतून', आणि त्या नात्याला १९८१ ची तारीख. या दोऱ्या धरून यंत्र १९७५ साठी रत्नागिरीच्या तक्त्यांकडे जातं, तिथून उपविभागाच्या मालिकेकडे. मालिकेत जिल्ह्याचा नेमका आकडा नसतो, तो सगळ्या पट्ट्याचा असतो. तेही दोरीवरूनच कळतं. मासळीचंही तसंच. बांगडा, इंडियन मॅकरेल, रास्ट्रेलिगर कानागुर्टा: नावं तीन, गाठ एकच.

हे जाळं विणणं मात्र किचकट, आणि यंत्रावर सोडून झोपता येत नाही. आपलं देवगड, ओडिशातला देवगढ जिल्हा आणि झारखंडचं देवघर यांच्या इंग्रजी स्पेलिंगांत मोजक्या अक्षरांचाच फरक. म्हणून नावापेक्षा संकेतांक बघायचा. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या तक्त्यांत तो नसतो, मग अक्षांश-रेखांश ताडून बघावे लागतात. तेवढा कंटाळा केला, तर देवगड बंदरातली मासळी थेट ओडिशाच्या डोंगरात उतरते.