इन्सुलिनचे शेवटचे आठ किलोमीटर

एप्रिलमधली दुपार होती. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, वॉचमनच्या टेबलावर आईच्या इन्सुलिनचं पार्सल येऊन पडलं होतं. लिफ्ट बंद होती, पार्सल आणणारा पोरगा घाईत होता, म्हणून तो खालीच ठेवून गेला. मी उतरेपर्यंत पाऊण तास झाला. खोकं बाहेरून चांगलंच तापलेलं. आत थर्माकोलचा डबा, डब्यात दगडासारखा कडक जेल पॅक, आणि त्या पॅकला इन्सुलिनचं कागदी वेष्टन चिकटून बसलेलं. ओढून काढलं तर पुठ्ठ्याचा पापुद्रा बर्फाबरोबर निघून आला.

"अगं बाई, उन्हात राहिलं!" शेजारच्या काकू हळहळल्या. मला मात्र धास्ती पडली ती त्या बर्फाची.

औषध कंपनीच्या स्टॅबिलिटी लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली. औषध किती दिवस टिकेल हे तपासायचं, एवढंच आमचं काम. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता अशा बंद कपाटात गोळ्या, सिरप, इंजेक्शनं सहा सहा महिने ठेवायची आणि ठरावीक दिवसांनी बाहेर काढून आत मूळ औषध किती उरलंय ते मोजायचं. शिवाय नेहमीच्या साठवणीच्या तापमानाला ठेवलेले नमुने वर्षानुवर्षं तपासायचे. वेष्टनावरची एक्सपायरीची तारीख यातूनच येते. म्हणजे त्या तारखेला एक अट चिकटलेली असते: औषध सांगितलेल्या तापमानात राहिलं असेल तरच ती खरी.

उष्णतेचा हिशेब तसा सरळ आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या स्कूटरवर दोन तास तापल्या तर त्यांना सहसा काही होत नाही. दोन वर्षांच्या आयुष्यातले काही तास खर्ची पडतात, इतकंच. इन्सुलिनसुद्धा लोकांना वाटतं तितकं नाजूक नाही. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर, २५ ते ३० अंशांच्या आत चालतात. पाऊण तासाच्या उन्हाने ती मरत नाहीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दिवसभर राहिली तर गोष्ट वेगळी.

गोठणं हा प्रकार निराळाच आहे. लहानपणी आपण पेप्सीकोला खायचो ना, ते आठवा. दोन-चारदा जोरात चोखला की रंग आणि गोडवा तोंडात यायचा आणि पिशवीत पांढरा, बेचव बर्फ उरायचा. पाणी गोठताना आधी शुद्ध पाणीच गोठतं. साखर, रंग, मीठ सगळं उरलेल्या द्रवात ढकललं जातं आणि तो द्रव घट्ट होत जातो. इन्सुलिनच्या बाटलीतही हेच घडतं. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं, दोन साखळ्यांचं प्रथिन. त्या साखळ्यांची घडी जशी हवी तशी बसलेली असते तोवरच ते काम करतं. गोठताना हे रेणू एकमेकांवर रेटले जातात, बर्फाच्या स्फटिकांच्या कडांना लागून त्यांची घडी उलगडते आणि ते एकमेकांना चिकटून गाठी होतात. बर्फ वितळला तरी त्या गाठी सुटत नाहीत. म्हणून गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं, त्यात तडजोड नाही.

आणि हे डोळ्यांना दिसेलच याची खात्री नाही, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. दुधाळ इन्सुलिनमध्ये कधी कधी गुठळ्या किंवा काचेवर पांढरा थर दिसतो. पण पाण्यासारखं स्वच्छ असलेलं इन्सुलिन गोठून वितळलं तरी तसंच स्वच्छ दिसू शकतं. मग आठवडाभर साखर वाढत राहते आणि घरात सगळे आईला विचारतात, "काय गं, आंबा खाल्लास ना?"

पार्सल पाठवणाऱ्या कंपनीला मी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "पण मॅडम, थंडच होतं ना?" तिचा दोष नाही. थंड म्हणजे चांगलं, असंच तिला कुणीतरी शिकवलं होतं. वेष्टनावर २ ते ८ अंश लिहिलेलं असतं. फ्रीजरमधून नुकताच काढलेला पॅक उणे १८ च्या आसपास असतो. असा पॅक थेट औषधाला लावायचा नसतो. लसीकरणाच्या कामातल्या नर्सबाईंना हे पाठ असतं: बर्फाचा पॅक बाहेर काढून ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, हलवला की आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच डब्यात भरायचा. बर्फ आणि पाणी एकत्र आहे तोवर पॅक शून्याच्या खाली जात नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते, म्हणून थंडावा टिकतोही भरपूर. शिवाय पॅक आणि औषध यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा एक थर हवा. एवढ्याशा पुठ्ठ्याने आईचं इन्सुलिन वाचलं असतं.

आता कायद्याचं बघू. आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे. किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा हवी, विक्रीवर नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख हवी, आणि इन्सुलिन, लसी अशा औषधांसाठी फॉर्म २१ मधला वेगळा परवाना हवा. औषध निरीक्षक दुकानात येऊन फ्रीज बघू शकतो. ही सगळी रचना काउंटरभोवती उभी आहे: अलीकडे फार्मासिस्ट, पलीकडे गिऱ्हाईक, मध्ये काच. ऑनलाइन विक्रीसाठी ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा निघाला, पण अंतिम नियम वर्षानुवर्षं रखडले. २६ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, केंद्राने परवानाधारक दुकानांना घरपोच औषधं द्यायची मुभा दिली. रुग्ण त्याच महसुली जिल्ह्यातला हवा, जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आतली हवी, शेड्यूल एच-१ आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाखालच्या याद्यांमधली औषधं आणि अमली औषधं वर्ज्य, अशा अटी होत्या. अटी चांगल्याच होत्या, पण त्यांचा रोख चिठ्ठीवर होता. स्कूटरवरच्या थर्माकोलच्या डब्यात किती अंश होते, हा प्रश्न डबा भरणाऱ्याच्या सद्सद्विवेकावरच राहिला.

ब्रिटनमध्ये ही सेवा आपल्यापेक्षा कितीतरी संघटित आहे. तिथे पाच लाखांहून जास्त रुग्णांना संधिवात, कर्करोग यांसारख्या आजारांची औषधं रुग्णालयाच्या वतीने घरी पोचतात. तरी २०२३ मध्ये त्यांच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा फार्मसीवर एक नियामक, औषधनिर्मिती आणि घाऊक वितरणावर दुसरा, नर्सिंगवर तिसरा, आणि संपूर्ण सेवेची जबाबदारी घेणारं कुणीच नाही, असं चित्र पुढे आलं. तिथे ही गत, तर आपण आत्ताच सावध व्हायला हवं.

१ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० नावाजलेल्या ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला. स्कॅन केला की बॅच, उत्पादक, एक्सपायरी कळते. बनावट औषध ओळखायला तो फार उपयोगी आहे, जरूर वापरा. पण ते पाकीट वाटेत कसं राहिलं हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी लसींच्या कुप्यांवरची खूण बघावी. वर्तुळातला फिकट चौकोन उष्णता साठत जाईल तसा गडद होतो, वर्तुळाइतका गडद झाला की लस बाद. पोलिओच्या लसीवर ही खूण १९९६ मध्ये आली. गोठणं मात्र तिलाही कळत नाही. त्याला वेगळा दर्शक किंवा तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, डेटा लॉगर, डब्यात ठेवावं लागतं. महाग इंजेक्शनांच्या पार्सलमध्ये ते असतं. आईच्या पार्सलमध्ये नव्हतं.

परत गेलेल्या पार्सलचं काय होतं, हेही विचारून घ्या. दार बंद होतं म्हणून परत गेलेलं फ्रीजमधलं औषध पुन्हा दुकानाच्या फ्रीजमध्ये चढलं, तर पुढच्या गिऱ्हाइकाला ते दिवसभर कुठे हिंडून आलंय याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते अशा औषधाने पुन्हा विक्रीत येताच कामा नये, मग त्यात दुकानाचं नुकसान झालं तरी.

त्या कंपनीने दोन दिवसांनी बदलून दिलं. तोवर मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलं आणि पुढे तेच चालू ठेवलं. तो इन्सुलिन आधी कागदात, मग जाड पुठ्ठ्यात गुंडाळतो, घामेजलेला पॅक बाजूला लावतो आणि पोराला बजावतो, "काकूंच्या हातात द्यायचं, गेटवर नाही." फ्रीजच्या दारावर त्याने थर्मामीटर लावलाय, खाली वही, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिलेला. गेल्या गुरुवारी, महावितरणच्या दुरुस्तीच्या दिवशी, त्याचा सकाळीच फोन आला: "काकू, आज दिवसभर लाइट नाही. फ्रीज उघडत नाही मी. आईंना आजच्यापुरतं आहे ना? उद्या पाठवतो."

आजच्यापुरतं होतं.