फाइल ओढून सोडली, आता तिचं काय करायचं?

माउसने एखादी फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरवर सोडली. आता तिला तिथे हलवायचं, की तिथे तिची एक प्रत काढायची? लिनक्सवरच्या दोन मोठ्या डेस्कटॉपांची यावरची उत्तरं वेगळी आहेत. ग्नोमचा फाइल मॅनेजर न विचारता कामाला लागतो. दोन्ही फोल्डर एकाच फाइलसिस्टीमवर (डिस्कवर किंवा तिच्या एका भागावर फाइलींची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) असतील तर मूव्ह, म्हणजे हलवणं, नाहीतर कॉपी. केडीईचा फाइल मॅनेजर डॉल्फिन मात्र वर्षानुवर्षं एक छोटा मेनू पुढे करत आला आहे: हलवू, कॉपी करू, लिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) करू, की रद्द? हा मेनू कटकटीचा आहे, मुळात तो बंदच असावा, असं केडीईमध्ये अनेकांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही.

ग्नोमचा नियम जुना आहे. 1984च्या मॅकिंटॉशवरही फाइल त्याच डिस्कवर ओढली तर हलायची, दुसऱ्या फ्लॉपीवर ओढली तर तिची प्रत व्हायची. यामागे तांत्रिक कारण आहे. एकाच फाइलसिस्टीममध्ये फाइल हलवताना तिच्यातला मजकूर जागचा हलतही नाही. जमीन तिथेच राहावी आणि सातबाऱ्यावर फक्त फेरफार व्हावा, तसं हे आहे. फोल्डरच्या यादीतली नोंद बदलते, म्हणून दहा जीबीचा व्हिडिओही क्षणात जातो. फाइलसिस्टीम वेगळी असेल तर मात्र सगळा मजकूर नव्याने लिहावा लागतो आणि मग मूळ फाइल पुसावी लागते. तिथे नुसती कॉपी करणं सुरक्षित, कारण मूळ फाइलला धक्का लागत नाही.

पण हा नियम कळायला डिस्कची सीमा दिसावी लागते. फ्लॉपी हातात असायची. आज एकाच एसएसडीचे दोन भाग केले असतील तर पडद्यावर दिसतात ते फक्त फोल्डर. हाताची हालचाल तीच, परिणाम मात्र दोन, आणि कुठला होणार हे ठरवणारी गोष्ट वापरणाऱ्याच्या नजरेआड. शिवाय वेळेचं जुनं गणितही आता सगळीकडे लागू नाही. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सच्या आवृत्तीने 2020पासून स्वीकारलेल्या बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर मोठ्या फाइलची प्रतही जवळजवळ तत्काळ होऊ शकते, कारण दोन्ही प्रती सुरुवातीला डिस्कवरचा तोच मजकूर वापरतात.

मेनूच्या विरोधकांचा खरा जोर सवयीवर आहे. रोज तोच प्रश्न विचारला की माणूस वाचणं सोडतो. ‘नक्की पुसायचं का?’ अशा होय-नाहीच्या प्रश्नांबाबत हे खरं आहे. इथे मात्र निवडायला वेगवेगळी कामं आहेत, त्यामुळे न वाचता पुढे जायला एकच ठरलेलं बटण नाही.

त्याहून मोठा मुद्दा चुकून झालेल्या ओढाओढीचा. टचपॅडवर बोट घसरतं आणि ‘फोटो’ फोल्डर शेजारच्या ‘बिलं’मध्ये जाऊन पडतं. न विचारता मूव्ह झालं तर फोल्डर नुसतं दिसेनासं होतं. कंट्रोल-झेडने ते परत आणता येतं, हे मान्य. पण चूक झाली हे लक्षात आलं तरच ना? मेनू उघडला की तिथल्या तिथे कळतं.

केडीईच्या प्लाझ्मा 6 या डेस्कटॉपने फेब्रुवारी 2024मध्ये फाइल उघडण्यासाठी एका क्लिकऐवजी बहुतेकांच्या सवयीचा डबल क्लिक हे मूळ सेटिंग केलं, तोच न्याय इथे लावा, असंही म्हटलं जाईल. तो बदल योग्यच होता. पण चुकून उघडलेली फाइल समोर दिसते, ती बंद करता येते. चुकून हललेली फाइल शोधत बसावी लागते.

‘विचारा’ ही काही केडीईने मध्येच घुसवलेली पायरी नाही. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स विंडो प्रणालीच्या ड्रॅग-अँड-ड्रॉप नियमावलीत कॉपी, मूव्ह, लिंक यांच्या जोडीला ‘विचारा’ ही अधिकृत क्रिया आहे. तिची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडमध्येही कॉपी आणि मूव्हबरोबर ती आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी डॉल्फिनमध्ये ओढताना शिफ्ट दाबावं, फाइल हलते. कंट्रोल दाबलं तर प्रत होते. मेनू येतच नाही. जाणकाराला ही वाट सापडते. नवख्याला अशी काही वाट असते हेच ठाऊक नसतं, म्हणून मूळ सेटिंग ठरवताना त्याचा विचार आधी व्हायला हवा.