सान साबा मिशनचा विध्वंस (चित्र)

सान साबा मिशनचा विध्वंस : न्यू स्पेनमधील (आजचा मेक्सिको) तैलचित्र. कॅनव्हास, सुमारे २१० × २९० सेंमी. टेक्सासमधील ऐतिहासिक घटनेचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते.

लिपान अपाची या तेथील मूळनिवासी लोकांना ख्रिस्ती करून एका जागी वसवावे, या हेतूने फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी एप्रिल १७५७ मध्ये सान साबा नदीकाठी हे मिशन (धर्मप्रसाराचे केंद्र) उभारले. अपाची येऊन गेले, पण तेथे राहिले नाहीत. १६ मार्च १७५८ रोजी त्यांचे वैरी कोमांची, विचिटा इ. जमातींनी मिशन जाळले. हल्लेखोर सुमारे दोन हजार होते, हा आकडा स्पॅनिश पक्षाच्या साक्षींतला असल्याने जपून घ्यावा. मृतांत आलोन्सो हिराल्दो दे तेर्रेरोस आणि होसे दे सान्तिएस्तेबान हे पाद्री होते.

चित्र करवून घेणारे पेद्रो रोमेरो दे तेर्रेरोस हे चांदीच्या खाणींचे धनाढ्य मालक आणि आलोन्सो यांचे चुलतभाऊ. मिशनचा तीन वर्षांचा खर्च त्यांनीच पत्करला होता, तोही आलोन्सो प्रमुख असावेत या अटीवर. चित्राच्या काळाबाबत एकमत नाही. रोमेरो यांना १७६८ मध्ये ‘कोंदे दे रेग्ला’ ही सरदारकी मिळाली. चित्रावर लिहिलेल्या मजकुरात तिचा उल्लेख नाही, म्हणून चित्र त्यापूर्वीचे ठरते. १७६५ च्या आसपासचा काळ अधिक संभवनीय वाटतो. चित्रकार म्हणून मेक्सिको शहरातील होसे दे पाएस यांचे नाव घेतात. त्याला आधार मुख्यतः शैलीचा.

डाव्या-उजव्या कडांना दोन्ही पाद्री पूर्णाकृती उभे आहेत, अंगावर जखमा. मधल्या भागात जळते मिशन आणि हल्ल्याचे प्रसंग. प्रसंगांना अक्षरे दिली असून त्यांचा खुलासा खाली लिहिला आहे. बचावलेले पाद्री मिगेल मोलिना यांनी हल्लेखोरांचे काळ्या-तांबड्या रंगांनी माखलेले चेहरे, कातडी, शेपट्या व हरणांची शिंगे वर्णिली होती. चित्रात मात्र हे लोक बोटभर आकृत्यांच्या झुंडी आहेत. पाद्र्यांना नाव, चरित्र आणि चेहरा आहे, हल्लेखोरांना यांतले काहीच नाही. ज्यांच्यासाठी मिशन बांधले त्या अपाचींना तर या कथेत जागाच उरत नाही. हे हौतात्म्याचे स्मारक आहे. हल्ल्याचा पुरावा म्हणून वाचताना हा पक्षपात धरूनच चालावे लागते.

मिशनची जागा टेक्सासमधील मेनर्ड गावाजवळ १९९३ मध्ये निश्चित झाली. चित्र मेक्सिको शहरातील राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे.